स्वस्त घर कुणाला स्वस्त?

शाश्वत डिझाइनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘हे सगळं ठीक आहे हो, पण आधी लोकांच्या डोक्यावर छप्पर तर येऊ द्या.’ बोलणारा कधी बिल्डर असतो, कधी नगररचना खात्यातला अधिकारी, तर कधी गरिबांविषयी खरोखर कळवळा असलेला कार्यकर्ता. म्हणणे थोडक्यात असे: खेळती हवा, उजेड, सावली, पाणी जिरवणे, सिमेंट आणि वीज कमी वापरणे हे सगळे पोट भरल्यावरचे विचार. त्यांना पैसा लागतो, जागा लागते, वेळ लागतो. आपल्याला घरे लाखांनी हवीत आणि तीही तातडीने. तेव्हा आधी संख्या, मग गुणवत्ता. त्याला पुन्हा एक पुरवणी जोडली जाते. घराच्या नकाशाने समाज बदलतो ही आर्किटेक्ट मंडळींची हौस. समाज बदलतो तो मजुरीने, कायद्याने, राजकारणाने.

या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे नाही. फुटपाथवर झोपणाऱ्याला खेळत्या हवेचे महत्त्व सांगायला जाऊ नये, हे मान्य. पण या युक्तिवादाची सगळी मदार एका गृहीतकावर आहे आणि ते गृहीतकच खोटे आहे. निकृष्ट रचनेने खर्च वाचतो, असे ते गृहीतक. प्रत्यक्षात तो वाचत नाही. बांधणाऱ्याच्या वहीतून तो खोडला जातो आणि राहणाऱ्याच्या वहीत लिहिला जातो, तोही पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी, व्याजासकट. शाश्वत डिझाइन म्हणजे हा हिशेब वीट रचण्याआधी, सगळ्यांसमोर मांडणे. ज्यांना ही चैन वाटते, त्यांनी ती न केल्याची किंमत कोण मोजतो ते एकदा पाहावे.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन पुनर्वसन वसाहती आहेत. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांना इथे पक्की घरे मिळाली. २२५ चौरस फुटांची खोली, स्वतःचा संडास, नळ, विजेचा मीटर. संख्येच्या हिशेबात ही यशोगाथाच. पण अशा वसाहतीत खालच्या मजल्यावरच्या एखाद्या घरात भर दुपारी जाऊन पाहावे. जिन्यात डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार. घरात ट्यूब चालू. खिडकीसमोर जेमतेम तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि तिच्यातल्या खिडक्या. म्हणून बायकांनी पडदा कायमचा ओढून घेतलेला. मधल्या फटीत वरून टाकलेला कचरा, त्यात गळक्या पाइपांचे पाणी, वर डास आणि वास. म्हणून काचही लावलेली. धुतलेले कपडे घरातच दोरीवर, भिंतीला ओल, पंखा चोवीस तास. बांधणाऱ्याने दोन इमारतींमध्ये जी जागा वाचवली, तिचे भाडे हे घर रोज वीजबिलात भरते आहे.

आणि वीजबिल हा त्यातला किरकोळ भाग. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन या दोन वसाहती आणि तिसरी पीएमजी कॉलनी अशी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये बाहेर आले. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगाचा रुग्ण आढळला. पीएमजी कॉलनीत, जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त आहे, हे प्रमाण शंभर घरांत एक इतके होते.

इथे लगेच हरकत येते: क्षयरोग गरिबीने होतो, कुपोषणाने होतो, दाटीने होतो, भिंतींना कशाला दोष देता? हरकत रास्त आहे, पण ती इथे लागू पडत नाही. तिन्ही वसाहती विस्थापितांच्याच. खोल्या तिन्हीकडे लहानच. फरक ठळकपणे दिसतो तो इमारतींच्या मांडणीत, म्हणजे उजेड आणि वारा घरात शिरू शकतो की नाही यात. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत ते रेंगाळतात, वारा असेल तर विरळ होतात, उन्हात मरतात. हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. जुन्या काळी क्षयरोग्यांची आरोग्यधामे मिरजेसारख्या कोरड्या हवेच्या गावी, मोठ्या व्हरांड्यांची बांधली गेली ती याचसाठी. म्हणजे रोग्याला बरे करायला जी रचना लागते तिच्या नेमकी उलटी रचना आपण निरोग्याला राहायला दिली.

आता हिशेब मांडा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपये मिळतात. हा खर्च आरोग्य खात्याच्या वहीत पडला. गृहनिर्माण खात्याला त्याची झळ नाही. पण सहा महिने बुडालेला रोज कुणी भरून देत नाही. आजारी आईजवळ थांबण्यासाठी मुलीची शाळा सुटते, त्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे सगळे बेरजेत धरले आहे का? धरले असते तर तीन मीटरची ती फट या शहरातली सगळ्यात महाग जागा निघाली असती.

ही फट आली कुठून, याचे ठरलेले उत्तर आहे: मुंबईत जमीनच नाही. पण जमीन नसते तर शेजारच्या भूखंडावर पोडियमवरचा बगीचा आणि चारी बाजूंनी मोकळा वारा असलेला टॉवर कसा उभा राहतो? खरी मेख सूत्रात आहे. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत पात्र रहिवाशांना घर फुकट द्यायचे आणि त्याचा खर्च विक्रीच्या इमारतींतून किंवा टीडीआर (बांधकामाचा हस्तांतरणीय हक्क) विकून काढायचा, असा व्यवहार आहे. या व्यवहारात पुनर्वसनाला दिलेली प्रत्येक चौरस मीटर जागा म्हणजे विक्रीतून वजा झालेली जागा. साहजिकच पुनर्वसनाच्या इमारती जितक्या उंच, जितक्या चिकटून आणि जितक्या कोपऱ्यात नेता येतील तितक्या नेल्या जातात. त्यासाठी मोकळ्या जागेच्या नियमांत ‘गरिबांच्या हितासाठी’ सूट दिली गेली. इंजिनिअरला तीन मीटर सुचले म्हणून तीन मीटर झाले नाहीत. ते ताळेबंदातून आले. म्हणून ‘आधी छप्पर, मग गुणवत्ता’ हा क्रम नाइलाजाचा नाही. तो कुणाच्या तरी फायद्याचा आहे.

उजेड-वारा ही हौस असती तर केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तिचे गणित मांडले नसते. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे मुंबई-कोकणासाठी, खिडक्या-दारांचा उघडणारा भाग घराच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के असावा असे म्हटले आहे. तीनशे चौरस फुटांच्या घराला हे सुमारे पन्नास चौरस फूट होतात. पण संहिता राज्यांनी आपापल्या नियमांत उतरवायची असते, आणि उतरवली तरी भिंतीसमोर उघडणाऱ्या खिडकीला टक्केवारी पुरी पडली तरी वारा मिळत नाही. याच केंद्र सरकारचा २०१९ चा कूलिंग आराखडा सांगतो की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची गरज सुमारे आठपट होईल. ही आठपट गरज एसी लावून भागवायची तर वीज कुठून येणार, कोळसा किती जळणार, आणि एसी ज्यांना परवडत नाही त्यांनी मे महिन्यात काय करायचे? आज काढलेला नकाशा या प्रश्नांची उत्तरे पन्नास वर्षांसाठी बांधून टाकतो. वाईट धोरण पुढच्या सरकारला बदलता येते. वाईट इमारत पाडेपर्यंत तिथेच उभी असते.

‘पण चांगली रचना महाग पडते,’ हा दुसरा मुद्दा. याला उत्तर द्यायला परदेशी जायला नको. लॉरी बेकर नावाचा एक इंग्रज आर्किटेक्ट (१९१७–२००७) मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकला असताना गांधीजींना भेटला. घराचे सगळे सामान पाच मैलांच्या परिसरातले असावे, ही गांधीजींची कल्पना त्याने आयुष्यभर उरी बाळगली. पुढे केरळात स्थायिक होऊन त्याने मच्छीमारांच्या घरांपासून तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजपर्यंत असंख्य इमारती बांधल्या, त्याही नेहमीच्या बांधकामापेक्षा स्वस्तात. त्याची ‘रॅट-ट्रॅप’ जुडाई पाहा. नेहमी आडवी ठेवतात ती वीट तो कडेवर उभी ठेवतो. नऊ इंची भिंतीत त्यामुळे मधोमध पोकळी राहते. विटा साधारण पाव भाग कमी लागतात, माल कमी लागतो, आणि पोकळीतली हवा उन्हाचा ताव आत येऊ देत नाही. स्लॅबचेही तसेच. स्लॅबच्या खालच्या अंगात ताण लोखंड पेलते; तिथले काँक्रीट नुसते वजन वाढवते. बेकरने तिथे टाकाऊ मंगलोरी कौले बसवली. सिमेंट वाचले, स्लॅब हलका झाला, छत थंड राहिले. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, हे लक्षात घेतले तर या साध्या युक्तीचे मोल कळते.

आपल्याकडे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हेच काम गावपातळीवर केले. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या, एका टोकाला निमुळत्या मातीच्या नळ्या एकीत एक खोचून कमानी छत बांधायची पद्धत रुळवली. ना लोखंड, ना सागवान. छताचा पैसा गावातल्या कुंभाराच्या आणि गवंड्याच्या हातात राहतो.

मग हे सगळीकडे का पसरले नाही? महाग आहे म्हणून नाही. स्वस्त आहे म्हणून. कंत्राटदाराचा नफा टक्केवारीत असतो, सल्लागाराची फीसुद्धा बहुधा टक्केवारीतच. खर्च घटला की टक्केही आटतात. सरकारी कामाचा अंदाज दरसूचीतून निघतो आणि दरसूचीत नसलेली जुडाई इंजिनिअरने सुचवली तर लेखापरीक्षणात स्पष्टीकरण त्यालाच द्यावे लागते. कुशल गवंडी तयार करायला वेळ द्यावा लागतो. सिमेंटची पोती एका फोनवर येतात. तेव्हा ‘परवडत नाही’ हे शब्द ऐकले की कुणाला परवडत नाही, एवढे विचारून घ्यावे.

इथवर वाचून तारांकित हरित इमारतीवाले खूश झाले असतील, तर त्यांचाही गैरसमज दूर करतो. शाश्वत डिझाइनची सगळ्यात जास्त बदनामी त्याच्या विरोधकांनी केलेली नाही. ती या मित्रांनी केली आहे. पश्चिमेला तोंड करून काचेची अख्खी भिंत उभी करायची, तिच्यातून आलेले ऊन बाहेर काढायला टनावारी एसी बसवायचा, तो एसी जरा कमी वीज खातो म्हणून गुण मिळवायचे आणि लॉबीत प्रमाणपत्र टांगायचे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तर हरित मानांकनाच्या पायरीनुसार तीन, पाच, सात टक्के वाढीव एफएसआय, म्हणजे भूखंडावर जादा बांधकामाची मुभा, बक्षीस आहे. म्हणजे पर्यावरणावरचा भार हलका करण्याचे बक्षीस म्हणून आणखी बांधकाम. प्रमाणपत्र इमारत उभी राहताना मिळते. पाच वर्षांनी तिचे वीजबिल किती येते, टँकर किती लागतात, सांडपाण्याचे यंत्र चालू आहे की बंद, याच्याशी त्या वाढीव एफएसआयचा संबंध राहत नाही. इथेही हिशेब तोच: कमाई बांधणाऱ्याची, जोखीम राहणाऱ्याची. सामान्य वाचकाला ‘सस्टेनेबल’ हा शब्द ऐकला की जाहिरात आठवते, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

दुसरे एक टोक आहे, ‘जुने ते सोने’वाल्यांचे. आजोबांचा वाडा थंड असायचा, मातीचे घर म्हणजेच शाश्वत, सिमेंट आले आणि सगळे बिघडले. या मंडळींनी किल्लारी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो त्याच थंड, देखण्या घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, बाहेरचा थर आणि आतला थर यांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही, डोक्यावर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला माती टाकायची, पिढ्यानपिढ्या टाकायची. भार वाढतच गेला. परंपरा उन्हाचा विचार करून घडली होती. एवढ्या मोठ्या भूकंपाचा अनुभव तिच्या गाठीशी नव्हता.

पण किल्लारीचा खरा धडा पुढच्या पर्वात आहे, आणि तो ‘आधी छप्पर’वाल्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्याच्या दोन तऱ्हा होत्या. सगळ्यात जास्त हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी हलवण्यात आली. तिथे सरकारने, देणगीदारांनी, कंत्राटदारांनी घरे बांधून दिली. जमीन किती यावर घर किती हे ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. एका मापाची घरे एका ओळीत, रुंद सरळ रस्ते, शहरी कॉलनीसारखा नकाशा. जुन्या गावात भावकी, शेजार, पार, गोठा, अंगणातली मळणी यांची एक गुंफण होती. नव्या गावात शेजारी सातबाऱ्यावरून ठरला. पूर्वी विषमता होती, पण ती आता फूटपट्टीने आखून जमिनीवर उतरवली गेली. जनावरे बांधायला जागा नाही, कडब्याला जागा नाही, आणि गाव जुन्यापेक्षा कित्येक पट पसरल्यामुळे रस्ता, पाणी, दिवाबत्ती सांभाळताना ग्रामपंचायतीच्या नाकी नऊ येतात. घराचे दान देणाऱ्याचे काम संपले. त्या पसाऱ्याचा खर्च गावाच्या वहीत चढला.

दुसरी तऱ्हा जागच्या जागी दुरुस्तीची. तेरा जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे मालकांनी स्वतः दुरुस्त केली. पैसे हप्त्याहप्त्याने त्यांच्या बँक खात्यात, इंजिनिअरने काम तपासल्यावर पुढचा हप्ता. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार दगड बसवायचे, लाकडी खांब आणि तुळया कोपऱ्यात तिरप्या आधाराने जखडायच्या, भिंतीला काँक्रीटचा पट्टा बांधायचा. घर तेच, गाव तेच, शेजार तोच. फक्त धरणीकंपाला टिकेल असे. या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कुठे सिमेंट कमी पडले, कुणाचा हप्ता अडला, कुठला गवंडी पट्टा न बांधताच भिंत चढवतोय, हे त्या इंजिनिअरला सांगत. भूकंपात घराची पडझड सोसलेल्या बाईला बांधकाम तपासता येते, हे त्या गावांनी पहिल्यांदा पाहिले.

घराच्या रचनेने समाज बदलत नाही म्हणतात, त्यांनी या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी ठेवाव्यात. भूकंप तोच, मुलूख तोच, कार्यक्रमही तोच. एका ठिकाणी बांधून दिलेल्या घरांनी गावाचा शेजार मोडला. दुसऱ्या ठिकाणी दुरुस्तीच्या पद्धतीने बायकांना सार्वजनिक कामात आणले. फरक पडला तो निर्णय कुणी घ्यायचा आणि पैसा कुणाच्या हातात द्यायचा यात. आणि हेही डिझाइनच आहे. नकाशाच्या कागदावर जे दिसत नाही, तेही कुणीतरी आखलेलेच असते.

म्हणूनच ‘राजकारण बदला, नकाशे नंतर’ या आक्षेपाशी माझे अर्धे भांडण आहे. राजकारण बदलायला हवे यात वादच नाही. पण राजकारण आपल्या घरात शिरते कुठल्या वाटेने? विधानसभेतल्या भाषणाने नाही. ते शिरते विकास नियंत्रण नियमावलीच्या एखाद्या पोटकलमातून: किती मीटर, किती टक्के, कुणाला सूट. भाषणावर मोर्चा निघतो. पोटकलमावर निघत नाही, कारण ते वाचतो फक्त बिल्डरचा आर्किटेक्ट. चळवळीने नकाशा वाचायचा नाही असे ठरवले, तर तो वाचणारे दुसरे कुणीतरी असणारच.

डिझाइन म्हणजे फक्त इमारत असेही नाही. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली. २००८ पासून ती महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. साडेतीन हजारांहून अधिक सभासद, बहुसंख्य बायका, बहुसंख्य दलित. ही पद्धत बारकाईने पाहा. घरातून थोडे मासिक शुल्क, सुक्या मालावर वेचकाचा हक्क, ओला कचरा वेगळा. यात पर्यावरणाचे भले आणि रोजीरोटी एकाच व्यवहारात गुंफलेली आहे: कचरा जितका नीट वेगळा होईल, तितकी वेचकाची कमाई जास्त आणि डेपोवर जाणारा ढीग कमी. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे त्यांचे आवाहन घ्या. काही पैसे न लागणाऱ्या एका खुणेने हजारो बायकांचे हात वाचतात. मोठ्या यंत्रांच्या आणि ठेकेदारांच्या योजनांना खर्च कितीही आला तरी त्या ‘आधुनिक’ ठरतात. आणि ही पद्धत, जी शहराला स्वस्तात पडते, तिला मात्र आपले अस्तित्व पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. हाही आपल्या हिशेबातला जुनाच दोष.

तरीही गोवंडीची गोष्ट तिथेच संपली नाही, हे सांगायला हवे. नटवर पारेख कंपाउंडमध्ये कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही संस्था रहिवाशांबरोबर काही वर्षे काम करते आहे. दोन इमारतींमधल्या कचऱ्याच्या गल्ल्या साफ करून तिथे बसायला-खेळायला जागा झाल्या, ‘किताब महल’ नावाचे वाचनालय निघाले, २०२३ मध्ये गोवंडी कला महोत्सव भरला. यातून तीन मीटरचे सहा मीटर होत नाहीत, आणि असे उपक्रम दाखवून सरकारने हात झटकू नयेत. पण रहिवाशांना विचारले की त्यांना कळते, सुचते आणि सांभाळताही येते, एवढे यातून पक्के झाले. ‘फुकट मिळालेले घर लोक नासवतात’ असे म्हणणाऱ्यांनी आधी घर बांधताना त्या लोकांना काय विचारले होते, ते सांगावे.

नुसती टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून मागण्या नेमक्या मांडतो. पहिली: एकाच योजनेत विक्रीच्या इमारतीला आणि पुनर्वसनाच्या इमारतीला मोकळ्या जागेचे, उजेडाचे आणि वाऱ्याचे नियम एकच असावेत. दुसरी: मंजुरीच्या फायलीत सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या सगळ्यात कोपऱ्यातल्या घरात किती उजेड आणि किती वारा येईल, याचे गणित जोडलेले असावे. संगणकावर ते काढता येते. वरच्या मजल्यांची सरासरी दाखवून भागवता कामा नये. तिसरी: झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांची संमती घेतली जाते ती बिल्डर निवडायला, ५१ टक्के सह्या झाल्या की काम झाले. तशीच संमती नकाशाला लागावी, आणि नकाशा खडूने जमिनीवर खऱ्या मापात आखून दाखवावा, म्हणजे खाट कुठे बसते आणि पडदा का लागणार ते बायकांना आधीच कळेल. चौथी: हरित बक्षिसाचा एफएसआय बंद करून त्याऐवजी पाच वर्षांची प्रत्यक्ष वीज-पाण्याची बिले पाहून मालमत्ता करात सूट द्यावी, आणि ती रहिवाशांना द्यावी. पाचवी: सरकारी दरसूचीत पोकळ जुडाई, कौलांचे भराव स्लॅब, स्थिर केलेल्या मातीच्या विटा यांचे दर घालावेत, म्हणजे प्रामाणिक इंजिनिअरला स्वस्त घर बांधण्याबद्दल खुलासे द्यावे लागणार नाहीत.

यातली एकही मागणी विज्ञानाच्या नव्या शोधाची वाट पाहत नाही. एकीलाही परदेशी तंत्र लागत नाही. छतावर पांढरा लेप देऊन घर थंड ठेवण्याचे धोरण तेलंगणाने २०२३ मध्ये राज्यभरासाठी आणले; त्यासाठीसुद्धा चुना, रंग आणि इच्छाशक्ती यांपलीकडे फारसे काही लागत नाही. अडते ते एकाच ठिकाणी: या मागण्यांमुळे खर्च पुन्हा त्याच्या मूळ वहीत, बांधणाऱ्याच्या वहीत जातो. विरोध होईल तो तिथून, आणि तो होईल गरिबांच्याच नावाने. नियम कडक केले तर घरे कमी होतील, योजना रखडतील, झोपडीवासीयांचेच नुकसान होईल, असे सांगितले जाईल. त्यावर उत्तर एवढेच: योजना आजही रखडतातच, संक्रमण शिबिरांत आयुष्ये आजही सरतातच, आणि नियम सैल करूनही ते थांबलेले नाही. गरिबांसाठी म्हणून नियमांत दिलेल्या या सवलतींचा फायदा आजवर बिल्डरच्या पदरात पडला आणि आजार गरिबाच्या. त्या सवलती आधी काढून घ्या. शाश्वत डिझाइनवरची चर्चासत्रे त्यानंतर भरवा.